शेवटच्या घरी बातमी कधी पोचते?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळीच आम्हाला बोलावणे आले. पुण्यातल्या एका वस्तीत आमच्या जुन्या ओळखीचे एक रिक्षाचालक राहतात. त्यांची पत्नी चार घरची धुणीभांडी करते, मुलगा पार्सले पोचवण्याच्या कामावर आहे, आणि थोरली लेक संज्ञापन व वृत्तविद्या या विषयात एम. ए. झाली आहे, ६५ टक्के गुण मिळवून. निकाल लागला त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते, ते आम्हीही खाल्ले होते. आता त्याच घरात दोन तट पडले होते. मुलीला एका जाहिरात कंपनीत महिना २५,००० रुपयांची नोकरी चालून आली होती, आणि मुलगी म्हणत होती, मला पीएच. डी. करायची आहे.

"जयभीम भाऊ, बसा," वडील म्हणाले. चहा यायच्या आधीच त्यांनी विषय काढला. "डॉक्टर व्हायचंय म्हणते. मी म्हटलं, बाई, कशाचा डॉक्टर? दवाखाना टाकणार का? तर म्हणते, संज्ञापनाचा. आता हे संज्ञापन म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. मला तर नाव घेतानाच जीभ अडखळते."

आम्हाला हसू आले, पण त्यांचे म्हणणे खरे होते. शब्द जडच आहे. मोठमोठ्या विषयांना असे शब्द चिकटवून ठेवायची आपल्याकडे खोडच आहे, की दारातूनच माणूस परत फिरावा. संज्ञापन म्हणजे एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोचणे. कोण सांगतो, कोणाला सांगतो, तोंडाने सांगतो की कागदाने की फोनने, आणि ऐकणारा ते ऐकून काय करतो, एवढ्याचा हा अभ्यास. गल्लीत दवंडी फिरली तरी ते संज्ञापन, आणि टीव्हीवर निवडणुकीची भाषणे झाली तरी ते संज्ञापनच.

"मग त्याला सहा वर्षं लागतात?" वडिलांनी विचारले.

या प्रश्नाला आम्ही लगेच उत्तर दिले नाही. आमच्या मनात एक जुनी गोष्ट सलत होती, ती आधी वाचकांना सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका हुशार मुलाला पीएच. डी.च्या भरीला घातले होते. हातची नोकरी सोड म्हणालो, समाजाला डॉक्टरेट झालेली माणसे हवीत म्हणालो, विहारात त्याचा सत्कारही घडवून आणला. त्याला जे मार्गदर्शक मिळाले ते दोन वर्षांनी निवृत्त झाले. दुसरे मार्गदर्शक म्हणाले, विषय बदल. शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने रखडली. तिसऱ्या वर्षी वडील आजारी पडले आणि मुलाने कागद कपाटात ठेवून दिले, ते आजपर्यंत तिथेच आहेत. आता तो एका पतपेढीत कारकून आहे. रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, चौकशी करतो, पण त्या विषयावर एक अक्षर बोलत नाही. आमच्या उत्साहाची किंमत त्याने चुकवली. तेव्हापासून कोणी पीएच. डी.चे नाव काढले की आम्ही आधी घरची मिळकत विचारतो आणि मग विषय विचारतो.

मिळकत माहीत होतीच. रिक्षाचे कर्ज अजून दोन वर्षे फिटायचे होते. म्हणून आम्ही मुलीला विषय विचारला.

तिने वही उघडली. पहिल्या पानावर एकच ओळ होती. "आमच्या वस्तीत सरकारी योजनेची बातमी शेवटच्या घरी कधी पोचते?" आणि खाली लहान अक्षरात, "आणि ते घर शेवटचे का?"

हा विषय ऐकून आम्हाला अमेरिकेतला मका आठवला. वाचकांना वाटेल, हे काय भलतेच! पण या शास्त्राचा एक मोठा झरा खरोखरच मक्याच्या शेतातून निघाला आहे, म्हणून ती हकीकत त्या घरात सांगितली तशीच इथे सांगतो.

अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. मक्याचा मुलूख. तिथे १९२८ च्या सुमारास संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांपर्यंत यायला लागले. उत्पन्न जास्त, आणि पाऊस ओढला तरी पीक तग धरणारे. अडचण एकच. जुन्या मक्याचे बी शेतकरी आपल्याच कणसांतून राखून ठेवत, त्याला दिडकी पडत नसे. संकरित बी मात्र दरसाल विकत घ्यावे लागे. १९४१ मध्ये ब्राइस रायन या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकणारा नील ग्रॉस नावाचा विद्यार्थी तिथल्या दोन गावांत चौकशीला निघाला. पोरगा शहरात वाढलेला. शेतकरी लवकर उठतात असे त्याला कोणी सांगितले, तर हा पहिल्या दिवशी पहाटे सहाला, अर्धवट अंधारातच, पहिल्या घरापुढे जाऊन उभा राहिला. त्या एका दिवसात त्याने २१ माणसांच्या मुलाखती घेतल्या. सगळे मिळून २५९ शेतकरी झाले. प्रश्न साधे होते. हे बियाणे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळले? कोणी सांगितले? आणि तुम्ही पेरले कधी?

उत्तरे १९४३ मध्ये छापून आली. २५९ पैकी २५७ जणांनी तोवर संकरित बियाणे घेतले होते, पण कोणी पहिल्या काही वर्षांत, तर कोणी बारा-तेरा वर्षांनी. बियाण्याची बातमी बहुतेकांना आधी बियाणे विकणाऱ्याकडून कळली होती. पण ती पटली ती शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, त्याचे शेत डोळ्यांनी पाहिल्यावर. म्हणजे कळणे वेगळे आणि पटणे वेगळे, आणि दोन्हींच्या वाटा वेगळ्या. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण तेव्हा शहाणी माणसे असे धरून चालत होती की छापले, रेडिओवर सांगितले, की लोकांनी ऐकले आणि केले.

पुढची गोष्ट याहून घरगुती आहे. याच आयोवात एका शेतकऱ्याच्या घरी १९३१ मध्ये एव्हरेट रॉजर्स नावाचा मुलगा जन्मला. बापाला नवी यंत्रे फार आवडत, पण नव्या बियाण्यावर त्याचा विश्वास नव्हता. १९३६ साली मोठा दुष्काळ पडला. शेजाऱ्यांचा संकरित मका उभा राहिला आणि यांचा वाळून आडवा झाला. पाच वर्षांच्या पोराने ते पाहिले. कॉलेजात जायचा त्याचा काही विचार नव्हता. शाळेतल्या एका शिक्षकाने चार हुशार पोरांना आपल्या गाडीत घालून विद्यापीठ दाखवायला नेले, म्हणून हा गेला. १९५७ मध्ये तो डॉक्टर झाला. त्याच्या प्रबंधाचा विषयच हा होता की शेतीतली नवी गोष्ट एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे कशी जाते. प्रबंधात आधी कोणी काय संशोधन केले त्याचा आढावा घेणारे एक प्रकरण असते. ते लिहिताना मुलांना कंटाळा येतो आणि परीक्षक ते चाळून पुढे जातात. रॉजर्सने तेच प्रकरण वाढवत नेले. त्याच्या ध्यानात आले की बियाणे असो, नवे औषध असो की शाळेतली नवी पद्धत असो, गोष्ट पसरण्याची तऱ्हा सारखीच आहे. त्यातून १९६२ मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि जगभर गेले. त्या पुस्तकात त्याने माणसांचे पाच गट पाडले. सगळ्यात आधी धाडस करणारे शंभरात अडीच, आणि सगळ्यात शेवटी येणारे शंभरात सोळा. या शेवटच्यांना त्याने नाव दिले, मागे रेंगाळणारे.

इथे वडिलांनी आम्हाला थांबवले. "म्हणजे पोरानं शिकून सवरून बापालाच रेंगाळणारा ठरवलं की!"

खोलीत सगळे हसले, पण ते हसले नाहीत. म्हणाले, "भाऊ, मीपण ॲपवर गाडी सगळ्यांच्या शेवटी लावली. स्टँडवरची पोरं म्हणायची, काका, तुम्ही जुन्या जमान्यातले. आता त्यांना काय सांगू? मला ॲप कळत नव्हतं असं नाही. तसला फोन घ्यायला आठ-दहा हजार लागत होते आणि हिची परीक्षा फी भरायची होती. तुमच्या त्या साहेबानं असं काही विचारलं का, की बाबा, तू उशीर का केलास?"

वाचकहो, आम्ही तीसेक वर्षे या विषयाची पुस्तके चाळतो आहोत. इतक्या नेमक्या जागी बोट ठेवलेले आम्ही क्वचित पाहिले. हाच प्रश्न पुढे विद्वानांनी रॉजर्सला विचारला, आणि त्याच्या मोठेपणाची गोष्ट अशी की त्याने तो स्वतःलाही विचारला. १९७६ मध्ये त्याने लिहून टाकले की विकासाच्या संज्ञापनाची जी जुनी चौकट आपण सगळे वापरत आलो तिचे दिवस संपले. संशोधक माणसाला दोष देतात, व्यवस्थेला देत नाहीत, हे त्याने आपल्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांतही मांडले. ज्याच्यापाशी बियाण्याला पैसा नाही आणि एक पीक बुडाले तर पुढचे वर्ष काढायची सोय नाही, त्याने वाट पाहिली तर त्यात त्याचा अडाणीपणा कुठला? तो हिशेब करतो आहे.

तिकडे १९७० मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या टिचनर, डोनोह्यू आणि ओलियन या तिघांनी आणखी एक सिद्धांत मांडला होता. समाजात एखाद्या विषयाची माहिती वाढत गेली की सगळ्यांचे ज्ञान सारख्या वेगाने वाढत नाही. शिकलेले, सुस्थितीतले लोक ती आधी उचलतात, आणि गरीब व श्रीमंत यांच्यातली ज्ञानाची दरी उलट रुंद होते. याला ज्ञानाच्या दरीचा सिद्धांत म्हणतात. पण तो सगळीकडे लागू पडतोच असेही नाही. १९७६ मध्ये शिंगी आणि मोदी या दोन भारतीय संशोधकांनी आपल्याकडच्या शेतकऱ्यांवर प्रयोग करून दाखवला. टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमात जर बड्या शेतकऱ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी नीट समजावून सांगितल्या, तर लहान शेतकरी भराभर त्यांच्या बरोबरीला येतात. मोठ्यांना त्यात नवे शिकण्यासारखे फारसे उरलेलेच नसते. म्हणजे दरी आपोआप पडत नाही. काय सांगायचे आणि कोणासाठी सांगायचे, हे ठरवणाऱ्यावर ते अवलंबून असते.

एवढा वेळ मुलीची आई ओट्यापाशी भाजी निवडत होती. ती तिथूनच बोलली. "दादा, आमच्या गल्लीचा ग्रुप आहे ना फोनवर, त्यात सगळं येतं. पाणी कधी येणार, रेशनवर काय आलं, शाळेचा फॉर्म. पण फोन असतो पोराच्या खिशात आणि पोरगा असतो गाडीवर. तो येणार रात्री दहाला. तोवर टँकर येऊन गेलेला असतो."

आम्ही मुलीकडे पाहिले. ती लिहून घेत होती.

आई पुढे सांगत राहिली. २०२१ मध्ये १ मेपासून १८ ते ४४ वर्षांच्या लोकांना करोनाची लस सुरू झाली, तेव्हा सुरुवातीला नोंदणी फक्त ऑनलाइन होती. त्या संकेतस्थळावर तेव्हा इंग्रजीच होते, बाकीच्या भाषा मागाहून आल्या. वस्तीतली तरुण पोरे रोज फोन घेऊन बसत आणि जागा भरल्याचे पाहून उठत. ही बाई ज्या घरी भांडी घासायची तिथल्या मुलीने तिला सांगितले की जागा अमुक वेळेला उघडतात, आणि दोन मिनिटांत संपतात. बाईंनी ती वेळ पदराला गाठ बांधावी तशी लक्षात ठेवली आणि संध्याकाळी गल्लीत दहा जणांना सांगितली. त्यातल्या सहा पोरांना त्या आठवड्यात लस मिळाली.

"हे बघ," आम्ही मुलीला म्हटले, "तुझ्या आईसारख्या माणसांवर १९४० पासून संशोधन चालू आहे." ते खरेही आहे. त्या वर्षीच्या अमेरिकी निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एका तालुक्याएवढ्या भागात मतदारांचा अभ्यास केला. वर्तमानपत्रे आणि रेडिओ लोकांची मते फिरवतात असे त्यांना आढळेल ही अपेक्षा होती. आढळले निराळेच. काही थोडी माणसे वाचतात, ऐकतात, आणि बाकीचे त्यांचे ऐकतात. निरोप दोन टप्प्यांनी जातो. गल्लीतले ज्याच्या शब्दाला वजन आहे असे माणूस शोधून काढणे, हा तेव्हापासून या शास्त्राचा एक मोठा उद्योग होऊन बसला आहे. भांडी घासणाऱ्या बाईकडे मात्र कोणी अजून त्या नजरेने फारसे पाहिलेले नाही. चार सुखवस्तू घरांतली बातमी संध्याकाळी वस्तीत घेऊन येणारी ती रोजची डाकच आहे.

हे सगळे लांबच्या मुलखातले झाले. पण या शास्त्रातला एक नावाजलेला प्रयोग आपल्या पुण्याच्या आजूबाजूलाच घडला आहे, आणि तो आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९५६ मध्ये आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत १५० गावे निवडली. प्रत्येक गावात एक श्रोतृमंडळ. आठवड्यातून दोनदा सगळ्यांनी रेडिओभोवती बसायचे, अर्धा तास शेतीचा आणि गावसुधारणेचा कार्यक्रम ऐकायचा, आणि रेडिओ बंद करून त्यावर आपापसांत बोलायचे. प्रश्न निघाले तर ते पुण्याला लिहून कळवायचे. असे वीस कार्यक्रम झाले. त्याचा परिणाम मोजायचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि ते करवून घेणारे होते पॉल न्यूराथ. हा माणूस व्हिएन्नाचा. हिटलरच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड या दोन छळछावण्यांतून जिवंत सुटून तो अमेरिकेत पोचला, कोलंबिया विद्यापीठात लाझार्सफेल्ड यांच्या हाताखाली काम केले, आणि त्याच दोन छावण्यांतल्या कैद्यांचे जीवन कसे चालते यावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. जे अंगावर झेलले त्याचाच अभ्यास केला. याच कोलंबियाने बाबासाहेबांनाही १९२७ मध्ये डॉक्टरेट दिली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

न्यूराथ यांच्या लोकांनी कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर गावकऱ्यांना तेच प्रश्न विचारले. तुलनेसाठी रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावेही घेतली, आणि रेडिओच नाही अशीही. मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान भराभर वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने फारच थोडे. म्हणजे काम रेडिओने केले त्याहून जास्त रेडिओ बंद झाल्यावरच्या बोलण्याने केले.

मुलीने लगेच विचारले, "काका, त्या मंडळांत आपली माणसं किती होती? आणि ती बसली कुठे?"

आमच्या मते हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. युनेस्कोने त्या प्रयोगाचा अहवाल १९५९ मध्ये छापला, तो आजही वाचता येतो. आणि त्याच १९५६ मध्ये, ऑक्टोबरच्या १४ तारखेला, नागपुरात लाखो माणसे जमली. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी रेडिओ नव्हता आणि पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. निरोप त्यांच्यापर्यंत गेला तो बाबासाहेबांच्या पत्रांतून, जलशांतून, रेल्वेतल्या आणि गिरणीतल्या कामगारांच्या तोंडून. कोणत्या गावाला तो कोणत्या वाटेने गेला, कोणी वाचून दाखवले, कोणी ऐकून पुढच्या गावाला सांगितले, हे नातवंडांनी आज्या-आजोबांच्या आठवणींतून गोळा केले तर ते लाझार्सफेल्डच्या कामाच्या शेजारी ठेवता येईल. आठवणी सांगणारी माणसे मात्र आता फार थोडी राहिली आहेत.

इतके झाल्यावर वडील नरमले असे कोणाला वाटेल, तर तसे झाले नाही. त्यांनी सरळ विचारले, "पैशाचं काय?" आणि तो प्रश्न बरोबर होता. म्हणून जे आम्ही त्या मुलाला पंधरा वर्षांपूर्वी सांगितले नव्हते ते हिला सांगितले.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे नवे नियम २०२२ मध्ये आले आहेत. एम. फिल. आता बंद झाले. एम. ए.ला ५५ टक्के लागतात, आपल्या मुलांना ५० पुरतात. पीएच. डी.ला कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा, आणि पुन्हा नोंदणी करून आणखी दोन. मुलींना त्यावर अजून दोन वर्षांची सवलत आहे, शिवाय बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. हे आईबापांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. लग्न झाले म्हणून नोंदणी रद्द करून बसलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. नोकरी करणाऱ्याला मालकाचे ना-हरकत पत्र आणून अर्धवेळ पीएच. डी.ही करता येते. आणि ज्या मार्गदर्शकाच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली त्याला आता नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. हा नियम पूर्वी असता तर आमचा तो मुलगा कदाचित आज कपाट उघडून बसला असता.

मार्गदर्शकाची निवड हा अर्धा प्रबंध आहे असे आम्ही समजतो. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार, एवढेच विद्यार्थी घेता येतात. म्हणून जागा आहे का हे आधी विचारावे. त्यांचे आधीचे विद्यार्थी गाठून त्यांच्याशी बोलावे. तुमचा विषय त्यांना समजतो का आणि ते भेटायला वेळ देतात का, एवढे दोनच प्रश्न. पुणे आणि मुंबई विद्यापीठांत, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, आणि थोडे दूर जायची तयारी असेल तर हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात या विषयाचे विभाग आहेत.

पैशाचा रस्ता नेट परीक्षेतून जातो. ती वर्षातून दोनदा होते, आणि जनसंज्ञापन व पत्रकारिता हा तिच्यात वेगळा विषय आहे. वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले तर कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे. त्याखालोखाल गुण मिळाले तर पैसे मिळत नाहीत, पण २०२४ पासून तेच गुण पीएच. डी.च्या प्रवेशाला धरतात, मुलाखतीला त्यात ३० टक्के वजन. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची वेगळी अधिछात्रवृत्ती आहे, महाराष्ट्रात बार्टीची आहे. एका वेळी एकच घेता येते. आणि कोणतीही मिळाली तरी पहिला हप्ता हाती पडेपर्यंत काही महिने जातील असेच धरून चालावे. तेवढ्या महिन्यांचा खर्च गाठीला नसेल तर नोकरी सोडू नये. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही, पण लिहिलेच पाहिजे.

त्या घरात शेवटी ठरले ते असे. मुलीने जाहिरात कंपनीची नोकरी धरायची, एक वर्ष. संध्याकाळी नेटचा अभ्यास. अधिछात्रवृत्ती मिळाली तर नोकरी सोडून पूर्णवेळ, नाही मिळाली तर अर्धवेळ प्रवेशाचा प्रयत्न. पगारातले पाच हजार दरमहा वेगळे काढून ठेवायचे, हप्ता रखडला तर असावेत म्हणून. वडील म्हणाले, "रिक्षाच्या कर्जाचं मी बघतो, त्याला हात लावायचा नाही." भाऊ म्हणाला, जुना फोन आईला देऊन टाकतो, ग्रुप तिच्याकडे राहील. यावर आई म्हणाली की फोन दिलास तर वाचायला कोण शिकवणार, आणि दोघा भावंडांची त्यावरून थोडी बाचाबाची झाली.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा तिकडे गेलो तेव्हा मुलगी वही घेऊन निघाली होती. रेशनकार्डावरच्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी करून घ्या, नाही तर धान्य थांबेल, ही बातमी २०२५ मध्ये वस्तीत कशी पसरली, हे ती घरोघर विचारते आहे. तीन प्रश्न. कधी कळले, कोणी सांगितले, केले कधी. अजून प्रवेश नाही, मार्गदर्शक नाही, पण २७ घरे झाली आहेत. आई बरोबर असते, कारण आई असली की दार पुरते उघडते.

आम्हीही मागून चालत गेलो. नाल्याकडच्या टोकाला पत्र्याची एक खोली आहे, तिथे एक आजी एकट्याच राहतात. मुलीने विचारले, "आजी, ई-केवायसीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

आजी म्हणाल्या, "कशाचं?"

मुलीने वहीत ते तसेच लिहून घेतले आणि पुढे तारीख घातली. तोवर तिची आई चपला काढून आत गेली होती आणि रेशनकार्ड कुठे ठेवले आहे ते आजींना विचारत होती.